मदत हवी आहे: बॅकअपनंतर एलव्हीएमचा स्नॅपशॉट डिलीटच होत नाहीये

मंडळी, लिनक्स सर्व्हर सांभाळणारं कोणी आहे का इथे? आमच्या डेटाबेस सर्व्हरवर रात्री २ वाजता बॅकअपची स्क्रिप्ट चालते, ती एलव्हीएमचा (डिस्कची जागा वाटून सांभाळणारी लिनक्सची यंत्रणा) स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची गोठवलेली प्रत, घेते, रीड-ओन्ली माउंट करते (फक्त वाचण्यापुरती जोडते), आरसिंकने सगळं दुसऱ्या मशीनवर पाठवते, मग अनमाउंट करून एलव्हीरिमूव्ह (स्नॅपशॉट काढून टाकायची कमांड) मारते. पण शेवटच्या पायरीला कधीकधी 'फाइलसिस्टम इन यूज' म्हणून अडतं आणि स्नॅपशॉट तसाच लटकून राहतो. गंमत म्हणजे अनमाउंट बिनबोभाट होतं, कोणता प्रोसेस फाइल धरून बसलाय ते दाखवणाऱ्या एलएसओएफमध्ये काही नाही, फ्यूझरमध्ये काही नाही, तरी डीएमसेटअप इन्फो (कर्नलकडची नोंद दाखवणारी कमांड) ओपन काउंट १ दाखवतो, म्हणजे कोणीतरी तो अजून उघडून ठेवलाय. मग धरून बसलंय कोण?

तसाच ठेवला तर दिवसभर भरत जातो, जुना ब्लॉक आधी स्नॅपशॉटमध्ये कॉपी करून मगच नवा लिहायचा म्हटल्यावर डेटाबेस रखडतो, आणि १०० टक्के भरला की स्नॅपशॉट बाद (मूळ डेटा शाबूत राहतो हे नशीब). रीबूट केलं की मुकाट डिलीट होतो, पण रोज रीबूट कोण करू देणार, अकाउंटवाले जीव घेतील.

मला संशय कंटेनरचा (त्याच सर्व्हरवर वेगळ्या कप्प्यात चालणारा प्रोग्राम) आहे, बॅकअप चालू असताना एखादा रीस्टार्ट झाला की माउंटची कॉपी त्याच्या नेमस्पेसमध्ये (त्याची स्वतःची वेगळी माउंटची यादी) अडकत असेल. प्रॉकमधल्या सगळ्या माउंटइन्फो फाइल्स (प्रत्येक प्रोसेसला दिसणारे माउंट) ग्रेप केल्या, म्हणजे त्यात स्नॅपशॉटचं नाव शोधलं, तर सापडेल ना? एकजण म्हणतोय डीएमसेटअप रिमूव्हला सरळ फोर्स लाव (जबरदस्तीने काढून टाक), पण चालू डेटाबेसवर हात धजत नाही. कोणी केलंय का असं?