मदत हवी आहे: सेकंडहँड स्कायडायव्हिंग रिग घेतोय, रिझर्व १२६ चं चालेल का?

आकाशवेडा

नमस्कार मंडळी,

इथे कोणी स्कायडायव्हिंग करणारं आहे की नाही माहीत नाही पण विचारून बघतो, कारण ड्रॉपझोनवर (जिथे उड्या मारतात त्या मैदानावर) ज्याला विचारावं तो स्वतःचीच जुनी गियर खपवायला बसलाय असं वाटायला लागलंय. मी सध्या सदर्न कॅलिफोर्नियात असतो, एएफएफ (सुरुवातीचा फ्रीफॉलचा कोर्स) करून नुकतंच ए, म्हणजे पहिल्या पायरीचं लायसन्स हातात पडलंय (त्याला इथे किमान २५ जंप लागतात) आणि दर वीकेंडला रिग भाड्याने घेऊन खिसा रिकामा होतोय म्हणून स्वतःची घ्यायचं चाललंय.

एक जण कंटेनर (पाठीवरची बॅग), मेन (रोजचं पॅराशूट), रिझर्व (ते बिघडलं तर उघडायचं दुसरं), एएडी (वेळ आली तर रिझर्व आपोआप उघडणारं यंत्र) असा पूर्ण सेट, म्हणजेच रिग, देतोय. मेन १५० स्क्वेअर फूट, रिझर्व १२६, रिझर्वचं मेक २००४. तो म्हणतो मेन तू १७० ची टाक, बसेल ओढूनताणून, आणि रिझर्व एकदाही उघडलेलं नाही म्हणजे नव्यासारखंच आहे. वर हेही, की रिझर्वचा साइज कोण बघतं, ते वापरायची वेळ येतेच कुठे. माझं वजन ७८ किलो, गियर आणि कपडे धरून विमानातून बाहेर पडताना साधारण २०० पाउंड भरतं, आजवर भाड्याच्या १९० वर उडतोय.

तर १२६ चं रिझर्व मला चालेल का, नाहीतर नंतर मोठं टाकता येतं का, वीस वर्षं जुन्या रिझर्वचा भरवसा धरावा का, आणि आरएसएल नावाचा, मेनला रिझर्वशी जोडणारा पट्टा लावून ठेवायचा की काढायचा, कारण त्यावर दोन माणसं तीन मतं देतात.

"कशाला नसते उद्योग" हा सल्ला घरून रोज मिळतो, तो इथे नको. आईला शीतल महाजनांचं भारी कौतुक, २०१८ मध्ये त्यांनी थायलंडला नऊवारीत उडी मारली तो व्हिडिओ तिनेच मला पाठवला होता, पण स्वतःच्या पोराचा विषय निघाला की सूर बदलतो.

जुनाजंपर

घेऊ नकोस. आता कारण सांगतो.

२०० भागिले १९० म्हणजे १.०५, हे तुझं आत्ताचं विंग लोडिंग, म्हणजे पॅराशूटच्या दर स्क्वेअर फुटावर किती पाउंड. नवशिक्याने एकच्या आसपास राहावं म्हणतात त्यात ते बसतं. आता २०० भागिले १२६ कर. १.५९ आलं ना? म्हणजे रोजची निवांत जंप, ओळखीचं मैदान, तेव्हा तू १.०५ वर आणि ज्या दिवशी मेन बिघडलीय, हात थरथरतायत, उंची हातची गेलीय आणि खाली कुणाचं तरी कुंपण घातलेलं शेत आहे त्या दिवशी १.५९ वर, तेही आयुष्यात पहिल्यांदा चालवत असलेल्या पॅराशूटवर. उलटा कारभार झाला हा.

आणि हा तरी शुद्धीवरच्या माणसाचा हिशोब. फ्रीफॉलमध्ये कोणाचा गुडघा डोक्याला लागून बेशुद्ध झालास तर एएडी रिझर्व उघडेल, पण ब्रेक सोडायला कोणी नाही, फ्लेअर करायला (उतरताना ब्रेक ओढून वेग मारायला) कोणी नाही, वारा पाठीवर असला तरी वळवणार कोण? ब्रेक अर्धे खेचलेले, तसाच जमिनीला टेकणार. रिझर्वचा साइज त्या बेशुद्ध माणसाकडे बघून ठरवायचा. तो माणूस १९० वर कदाचित हाडं मोडून वाचेल, १२६ वर मला नाही सांगता येत.

रिझर्वच्या लेबलवर कमाल वजन छापलेलं असतं आणि त्यात तू कदाचित बसशीलही, विकणारा तेच दाखवेल. ती सर्टिफिकेशनची मर्यादा झाली. बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात अनुभवाप्रमाणे वेगळे आकडे असतात, नवशिक्याचा आकडा बराच खाली असतो, तो बघ. तुझ्यासाठी १७६ किंवा १९३, मी तर १९३ च म्हणेन. मेन आणि रिझर्व साधारण एकाच मापाचे असले की चुकून दोन्ही एकदम बाहेर आले तरी एकमेकांबरोबर जरा शहाण्यासारखे उडतात, तो फायदा वेगळाच.

आकाशवेडा

बाप रे, बेशुद्ध माणसाचा विचारच केला नव्हता मी. मग कंटेनर स्वस्तात मिळतोय तो घेऊन त्यात रिझर्व १७६ चं टाकलं तर?

पॅकिंगवाली

नाही बसणार. मी रिगर आहे, रिझर्व तपासणं-पॅक करणं हेच काम, हे रोज कोणीतरी विचारतं.

कंटेनर शिवतानाच मेन आणि रिझर्व दोघांचे कप्पे ठराविक मापाचे शिवलेले असतात. १२६ च्या कप्प्यात १७६ कोंबलं तर एकतर फ्लॅप नीट बंद होणार नाहीत, आणि समजा गुडघे लावून बंद केलेच तर आतली फ्रीबॅग (घडी केलेलं रिझर्व ज्यात असतं ती पिशवी) घट्ट बसणार, आणि ज्या क्षणी ती सुटून निघायला हवी तेव्हा निघायला उशीर. छोटं घालून कप्पा ढिला राहिला तरी चालत नाही. कोणताही शहाणा रिगर कंपनीच्या तक्त्याबाहेरचं कॉम्बिनेशन पॅक करून त्यावर स्वतःची सही ठोकणार नाही. कमी जागा घेणाऱ्या पातळ कापडाची रिझर्व मिळतात, पीडी कंपनीचं ऑप्टिमम घ्या, साधारण एक साइज लहान असल्यासारखं पॅक होतं, पण तुम्हाला एक साइज नाही, तीन साइज वर जायचंय. आणि ते "मेन १७० ओढूनताणून बसेल" वालं वाक्य, त्यावर बोलतच नाही.

२००४ च्या रिझर्वबद्दल. "एकदाही उघडलेलं नाही" हे अर्धंच सांगणं आहे. अमेरिकेत रिझर्व दर १८० दिवसांनी रिगरने उघडून, तपासून, परत पॅक करायचं असतं, २००८ च्या शेवटापर्यंत तर ही मुदत १२० दिवसांची होती. म्हणजे न वापरलेलं रिझर्वसुद्धा इतक्या वर्षांत कितीतरी वेळा जमिनीवर पसरलं, गुडघ्याने दाबून हवा काढली, घडी घातली, आणि प्रत्येक वेळी कापड थोडं थोडं हवा सोडायला लागतं. पीडीच्या रिझर्ववर म्हणूनच चौकटी छापलेला एक पट्टा असतो, दर रिपॅकला रिगर एक चौकट भरतो. ४० रिपॅक किंवा २५ वेळा वापर झाला की कापड तपासायला कारखान्यात पाठवायचं. विकणाऱ्याला त्या पट्ट्याचा फोटो मागा आणि मग तो काय म्हणतो ते ऐका. काही रिगर वीस वर्षांपुढचं रिझर्व हातातच घेत नाहीत, म्हणजे घेऊन बसाल आणि पॅक करायला गावात कोणी मिळणार नाही.

एएडीची तारीखही बघा. सायप्रस या एएडीला ठरलेलं आयुष्य असतं, जुन्यांना साडेबारा वर्षं, नव्यांना साडेपंधरा, त्यानंतर तो डबा शोपीस. सेटच्या किमतीत मेलेला एएडी धरलेला असतो बऱ्याचदा.

सातारी_पाखरू

+१ रिगरताईंना. मी पण सेकंडहँडच घेतलीय. पैसे विकणाऱ्याला थेट द्यायचे नाहीत, रिग आधी आपल्या रिगरकडे पाठवायची, तो पूर्ण उघडून बघेल, सिरियल नंबर आणि मेकची तारीख जुळवेल, कंटेनरवर कंपनीचं कुठलं सर्व्हिस बुलेटिन बाकी आहे का बघेल, मगच व्यवहार. यात कुरकुर करणारा विक्रेता असेल तर तिथूनच नमस्कार.

आरएसएल बद्दल माझं मत: लावून ठेव. मेन कट केली (अंगापासून सोडून दिली) की उडून जाता जाता तीच रिझर्वची पिन ओढते, तुझा हात रिझर्वच्या सिल्व्हर हँडलपर्यंत पोहोचायच्या आत. स्कायहुकसारखं असेल तर त्याहून झटपट, कारण उडालेली मेनच रिझर्वची बॅग ओढून बाहेर काढते.

जुनाजंपर

मी कॅमेरा घेऊन उडतो, मी काढून ठेवतो, गोल गोल फिरणाऱ्या मेनवरून कट केलं की आधी जरा स्थिर व्हायचं आणि मग रिझर्व असं माझं मत. पण याला नको तो शहाणपणा, २५ जंपवाल्याने आरएसएल लावूनच उडावं, इथे सातारकरांशी सहमत. फक्त दोन गोष्टी. आरएसएल आहे म्हणून सिल्व्हर ओढायचं सोडायचं नाही, लाल (मेन कट करायचं हँडल) आणि लगेच सिल्व्हर, दर वेळी. आणि उतरल्यावर जोराच्या वाऱ्यात मेन तुला फरफटत न्यायला लागली आणि कट करायची वेळ आली तर आधी आरएसएल सोडव, नाहीतर रिझर्वही उघडून तेही वाऱ्यात भरायचं.

आणि एएडीच्या भरवशावर राहायचं नाही हे डोक्यात पक्कं बसव. सायप्रसचं एक्स्पर्ट मॉडेल ७५० फुटांच्या आसपास आणि वेग ताशी ७८ मैलांच्या वर असेल तरच रिझर्वचा लूप कापतं. तुझी मेन अर्धवट उघडून गरगर फिरतेय, तू जमिनीवर आपटण्याइतका जोरात येतोयस पण ७८ पेक्षा कमी, तर ते गप्प बसणार, त्याच्या हिशोबाने सगळं ठीक आहे. शिवाय ते मेन कट करत नाही, ते काम तुझंच. आणि चालू करायचं ते जिथून विमान उडणार तिथल्या जमिनीवर, घरी नाही, कारण शून्य ते तिथूनच मोजतं.

आकाशवेडा

हे सोनं आहे मंडळी. १२६ ला नाही कळवून टाकलं. तो म्हणाला तू फार विचार करतोस. असो.

एक अजून, सराव कसा करता तुम्ही? कोर्समध्ये हार्नेसला लटकवून केला होता पण आता परत कोणी विचारत नाही, लायसन्स मिळालं की तू आणि तुझं नशीब.

सातारी_पाखरू

नवीन रिग आली की पहिलं काम, रिगरला सांगून रिपॅकच्या वेळी स्वतः तिथे जा आणि अंगावर घालून, लटकून, खरोखर लाल ओढ, खरोखर सिल्व्हर ओढ. एरवी ते रिझर्व उघडायचंच आहे ना, मग तू ओढ. किती जोर लागतो, हँडल वेल्क्रोतून सुटायला आधी जरा सोलून काढावं लागतं का, हे वाचून नाही कळत. भाड्याच्या रिगचं हँडल आणि हिचं हँडल यात चार बोटांचा फरक असू शकतो, मऊ उशीसारखं आहे की धातूचं कडं आहे त्यानेही हात वेगळा पडतो.

जुनाजंपर

विमानात बसल्यावर दार उघडायच्या आधी हात लावून बघायचं: लाल, सिल्व्हर, पायलट शूट (मेनला बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट). आणि दुसऱ्याकडून पाठीवरची पिन बघून घ्यायची. वरचा फ्लॅप उचलला की आत रिझर्वची पिन दिसते, तिच्यावर बारीक लाल दोरा आणि त्याला शिशाचा चपटा मणी, त्यावर रिगरची खूण. दोरा तुटका, मणी गायब, पिन अर्धी सरकलेली, काहीही दिसलं तर विमानातून खाली, तिकिटाचे पैसे गेले तर गेले.

उंचीचा हिशोब: तू ए लायसन्सवाला, तुझा निर्णय २५०० फुटांवर झालेला पाहिजे. बी आणि पुढच्यांना १८०० पर्यंत सूट, तुला नाही. १००० फुटांखाली मेन कट करायची नाही, तिथे जे काय डोक्यावर आहे त्यातच रिझर्वचं कापड वाढवायचं. लाइन ट्विस्ट (दोऱ्यांना पडलेला पीळ) सोडवत सोडवत, अजून एक लाथ, अजून एक लाथ म्हणत माणसं खाली येतात, उंचीच्या घड्याळाकडे बघतच नाहीत. अगदीच काही बाहेर आलं नाही किंवा पायलट शूट नुसतंच मागे फडफडतंय तर आधी कट की थेट रिझर्व यावर दोन शाळा आहेत, तुझ्या इन्स्ट्रक्टरने शिकवलेली एकच धर, हवेत वाद घालायचा नाही.

रिझर्व उघडलं की ते पॅराशूटच आहे, एकदम साधं, सात सेलचं (कप्प्यांचं). ब्रेक सोड, दोन्हीकडे वळवून बघ, वर उंची असतानाच एकदा फ्लेअर करून बघ, कारण ते मेनसारखं उचलत नाही, जास्त खेचलं तर लवकर स्टॉल होतं (उडणं सोडून कोसळतं). पाय जुळवून लोळायची तयारी ठेव. आणि उडून गेलेल्या मेनच्या मागे जाऊ नकोस. कुठे पडतेय ते नजरेने बघून ठेव, बास.

कामशेतकर

आम्ही पॅराग्लायडिंगवाले. जरा विषयांतर, पण इकडे कामशेतला नवीन पोरं असे धागे वाचून येतात आणि विचारतात कट करायचं हँडल कुठाय. आमच्यात ते नसतं बाबांनो. आमचं रिझर्व हाताने ओढून मोकळ्या हवेत जोरात फेकायचं असतं आणि मग मोठा ग्लायडर शक्य तितका गोळा करून ओढून घ्यायचा, नाहीतर दोन्ही एकमेकांशी भांडतात. फ्रीफॉलच्या वेगाने उघडायला ते बनवलेलंच नाही. स्वस्तात मिळालं म्हणून इकडचं तिकडे वापरू नका, इतकंच.

मंजू_ठाणे

माझा भाचा हरियाणात नारनौलला टँडम (इन्स्ट्रक्टरला बांधून मारायची उडी) करायला जाणार म्हणतोय. त्यात रिझर्व असतं का हो?

पॅकिंगवाली

असतं ताई, टँडमलाही मेन आणि रिझर्व दोन्ही, आणि एएडी पण. भाच्याने पॅक करायचं काही नसतं, इन्स्ट्रक्टरच्या रिगवर पॅकिंगचं कार्ड असतं, शेवटचं रिझर्व रिपॅक कधी झालं एवढं बिनधास्त विचारायला सांगा. चांगला इन्स्ट्रक्टर हसून दाखवतो.

आकाशवेडा

अपडेट: दुसरा एक सेट सापडलाय, मेन १९०, रिझर्व १९३, पट्ट्यावर मोजक्याच चौकटी भरलेल्या, एएडीची सहा वर्षं बाकी. दिसायला जांभळा-पिवळा, अगदी लग्नाच्या मांडवासारखा, पण म्हटलं जाऊदे. रिगरकडे शनिवारी पोहोचतोय, हँडल ओढायला मी पण जाणार आहे.

पॅकिंगवाली

छान. फ्रीबॅगवर आणि दोन्ही हँडलवर मार्करने नाव आणि फोन नंबर लिहून घ्या त्याच दिवशी, एकेका हँडलची किंमत ऐकलीत की कळेल का ते. आणि कधी ते रिझर्व खरंच वापरलंत तर ज्याने पॅक केलं त्याला बाटली द्यायची असते, ही इकडची रीत आहे, आधीच सांगून ठेवते.