अहिराणी बातम्यांना यंत्राचा आवाज चालवून घ्यायचा का?

पांझराकाठ, धुळे

श्रावणात कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी घरच्या ग्रुपवर एका स्थानिक चॅनलची रील आली. बातमी पांझरेच्या पाण्याची, अहिराणीतून. आई ७४ वर्षांची. तिने दोनदा ऐकली आणि विचारलं, "हाऊ कोन बोली ऱ्हायना? हाऊ आपला मानूस नही."

आवाज यंत्राचा होता. शब्द आपले, चाल पुण्याच्या निवेदकाची. 'ऱ्हायना'चे दोन तुकडे केलेले, 'र' वेगळा आणि 'हायना' वेगळं. तेवढं मी सोडून दिलं असतं. पण खाली यंत्रानेच केलेली मराठी पट्टी होती. अहिराणीत वाक्य होतं 'पानी वाढेल शे', म्हणजे पाणी वाढलंय. पट्टीत आलं 'पाणी वाढेल'. अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं की नदीकाठच्या माणसाला 'वाढलंय' आणि 'वाढेल' यातला फरक कळायलाच हवा. तेवढ्या वेळात जनावरं सोडायची असतात.

२०११ च्या जनगणनेत 'खान्देशी' या नावाखाली, ज्यात अहिराणीही मोजतात, १८ लाखांहून जास्त माणसं नोंदली आहेत. पण आपली बोली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. यंत्राला भारतीय भाषा शिकवणारं केंद्राचं भाषिणी काय किंवा आयआयटी मद्रासचं एआयफॉरभारत काय, दोन्हीकडचं काम मुख्यतः अनुसूचीतल्या २२ भाषांवर चालतं. गूगलने जून २०२४ मध्ये भाषांतरात ११० भाषा वाढवल्या. त्यात अवधी, मारवाडी, तुळू आल्या, अहिराणी नाही. म्हणजे आज जो 'अहिराणी आवाज' ऐकू येतो तो मराठीच्या किंवा हिंदीच्या आवाजाला अहिराणी मजकूर वाचायला लावलेला असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. बातमीला माणसाचाच आवाज हवा. आज आपण ही चुकीची अहिराणी नेटवर ओतली, तर उद्याचं यंत्र तीच शिकणार. माझी नातवंडं मग त्या यंत्राकडून अहिराणी शिकतील.

गिरणाकाठ, भडगाव

दादा, मी असं एक चॅनल चालवतो. तुम्ही ऐकलेलं माझं नाही, पण यंत्राचा आवाज मीही वापरतो, म्हणून उत्तर देतो.

बातमी शोधणं, फोन लावणं, व्हिडिओ कापणं, थंबनेल करणं, सगळं मी एकटा करतो. दिवसाला सात-आठ रील टाकल्या नाहीत तर लोकांपर्यंत पोचत नाही. आधी स्वतः बोलायचो. उन्हाळ्यात घसा बसला की तीन-तीन दिवस चॅनल बंद. यंत्राला मजकूर दिला की मिनिटात आवाज तयार. पैसे किती सुटतात ते इथे लिहीत नाही, पण माणूस ठेवण्याएवढे सुटत नाहीत.

आणि मला सांगा, यंत्र येण्याआधी अहिराणीत रोजची बातमी कोण देत होतं? आकाशवाणी जळगाववर बोलीतले कार्यक्रम लागायचे, कॅसेटवर लग्नाची गाणी आली, पुढे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. २०१६ ला जिओचा स्वस्त डेटा आला तेव्हा कुठे आपल्यासारख्यांना जागा मिळाली. पण बातमी? मक्याचा भाव, वीज कधी येणार, बस कुठे अडकली, हे अहिराणीत मी देतोय. मोडकीतोडकी का होईना, देतोय. तुमचं ऐकलं तर शुद्ध अहिराणी राहील, पण ती तुमच्या घरात राहील.

बोरीकाठ, अमळनेर

२२ वर्षं डीटीपी करतो. लग्नपत्रिका, फ्लेक्स, निवडणुकीची पत्रकं.

यंदा एका मंडळाच्या पोरांनी कानबाईचं चित्र एआयकडून करून आणलं, नुसतं छापून द्या म्हणाले. चित्रात वाघावर बसलेली आठ हातांची देवी. आपली कानबाई म्हणजे नारळाला नथ, डोळे, कुंकू लावून चौरंगावर मांडलेली. यंत्राने ती पाहिलेलीच नाही, म्हणून देवी म्हटल्यावर जी माहीत होती ती काढली. खाली 'कानबाई माय' लिहायला सांगितलं तर अक्षरांचे नुसते आकार, वाचता न येणारे. नवी यंत्रं मराठी अक्षर आधीपेक्षा बरं काढतात, जोडाक्षर आलं की अजून घसरतात. मी त्यांना माझ्या घरच्या कानबाईचा फोटो लावून दिला.

पण दोष एकट्या यंत्राचा नाही. आम्ही डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं. त्या फाइलमध्ये आतून इंग्रजी अक्षरांच्या खुणा असतात, फॉन्ट चढवला की वर मराठी दिसतं. गूगलला त्यातलं काही वाचता येत नाही. अहिराणी ओव्या, लग्नातली गाणी, स्मरणिका, किती छापल्या असतील. सगळं कोरलड्रॉ आणि पेजमेकरच्या फाइलमध्ये पडून आहे. यंत्राने शिकावं अशी अहिराणी नेटवर गेलीच नाही, कारण ती आमच्या सीडीत अडकली. हे मला खरंच लागतं.

शिरपूरची

मी कळण्याची भाकरी, भरीत, बिबड्या असले व्हिडिओ करते. आवाज यंत्राचा. कारण सांगते. घरी अट होती, चेहरा दिसायला नको आणि आवाजही ऐकू यायला नको. व्हिडिओत फक्त हात दिसतात. यंत्राचा आवाज नसता तर मी हे सुरूच केलं नसतं. आज सासूबाई स्वतः सांगतात, मिरची अजून भाज, जाळ कमी कर. तो आवाज मला काढून टाकावा लागतो.

'माणसाचाच आवाज हवा' असं पुरुष पटकन म्हणून जातात. आमच्यासारख्या कितीजणी त्यात बाहेर राहतात ते बघा.

पांझराकाठ, धुळे

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाककृतीला, गाण्याला, तुमच्यासारख्या अडचणीत यंत्राचा आवाज असावा. माझं 'माणसाचाच' मी तेवढं मागे घेतो. पूर, औषध, फवारणी, भाव याबाबत मात्र नाही. तिथे चूक झाली तर नुकसान ऐकणाऱ्याचं होतं. निदान आवाज यंत्राचा आहे हे सुरुवातीलाच बोलून सांगा. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने काढलेल्या एआयबाबतच्या नियमांच्या मसुद्यात आवाजाच्या पहिल्या दहाव्या भागात तशी सूचना असावी असं होतं. लेखी पट्टी माझ्या आईच्या उपयोगाची नाही, तिला वाचता येत नाही.

यावलकर

मुळात कोणती अहिराणी? आम्ही लेवा बोली बोलतो, धुळ्याचं 'शे' आमच्याकडे नाही. उद्या एकच यंत्र बनवलं तर ते धुळ्याचं बनेल आणि आमची पोरं त्याला खान्देशी समजतील. तुम्ही पुण्याबद्दल जी तक्रार करता तीच आम्ही तुमच्याबद्दल करू.

सातपुडा, धडगाव

इथे पावरी बोली चालते. तुमच्या अहिराणीला निदान चुकीचा का होईना आवाज आहे.

गिरणाकाठ, भडगाव

यावलकरांचं बरोबर आहे. आणि दादा, 'वाढेल शे'चं उदाहरण वाचून मी माझ्या जुन्या पट्ट्या काढून पाहिल्या. 'बस बंद व्हयेल शे'चं मराठी 'बस बंद होईल' झालेलं सापडलं. दुरुस्त केलं. पुढे पाऊस-पाण्याची बातमी मी स्वतःच्या तोंडाने देईन, बाकीच्या यंत्रावर. यापेक्षा जास्त मला जमणार नाही, आणि जमेल असं खोटं सांगत नाही.

पण आवाज सुधारायचा तर रडून होणार नाही, रेकॉर्डिंग लागतं. एका माणसाचं स्वच्छ बोलणं, शांत खोलीतलं, आणि तेच शब्दाला शब्द लिहिलेलं. नवी यंत्रं थोड्या तासांच्या नमुन्यावरही मराठीचा आवाज बोलीकडे वळवू शकतात. माझ्याकडे चांगला माईक आहे.

पांझराकाठ, धुळे

आई बोलायला तयार आहे. यंत्रासाठी म्हटल्यावर आधी नाही म्हणाली. मग तिला पट्टीतली चूक समजावली, तर म्हणाली रविवारी ये म्हणा त्याला, दुपारी, भाकरी खाऊन जाईल. तिचा आवाज कुठे वापरला जातो ते मात्र मला दर वेळी विचारून ठरायला हवं. ही अट आधीच सांगतो.

गिरणाकाठ, भडगाव

अट मान्य. रविवारी अकराच्या बसने येतो. एक गोष्ट आधी ठरवू, नाहीतर लिहिताना घोळ होईल. 'ऱ्हायना' लिहायचं की 'राह्यना'? बोरीकाठ, तुम्ही पत्रिकेत कसं छापता?

बोरीकाठ, अमळनेर

गिऱ्हाईक जसं लिहून देतं तसं. दोन्ही छापलंय. जुन्या सीड्या काढतो आणि मोजून सांगतो, कोणतं जास्त आलंय.