मदत हवी आहे : पिल्लू-पिसाऱ्यातला हॅरियर, पॅलिड की माँटेग्यूज?

परवा सकाळी गवताळ माळावर एक हॅरियर (शिकारी पक्षी; पॅलिड, माँटेग्यूज, हेन या त्याच्या जाती) जेमतेम दोन मिनिटं दिसला. पोट नारिंगी, अजिबात रेघा नाहीत, म्हणजे याच वर्षीचं पिल्लू. कंबरेवर पांढरा पट्टा. फोटोत पंखाच्या टोकाला चारच 'बोटं' (सुटी दिसणारी लांब पिसं) मोजता येतात, त्यामुळे पाच बोटांचा हेन हॅरियर बाद केला. आता उरले पॅलिड आणि माँटेग्यूज, आणि इथेच गाडं अडलंय.

गालावरच्या गडद डागामागे फिकट कॉलर, म्हणजे मानेभोवतीचा पट्टा, आहे, पण मान वळलेली असल्याने ती गळ्यापर्यंत सलग जाते का ते कळत नाही. कॉलरमागची मान गडद वाटते, म्हणून मन पॅलिडकडे झुकतं. (आपल्याला हवं तेच दिसतं, त्यामुळे माझ्या मनावर माझाच भरवसा नाही!) उलट बोटांची टोकं बरीच काळी दिसतात, ते माँटेग्यूजकडे जातं. पण उजेड पाठीमागून होता, सावलीचा खेळही असेल.

फील्ड गाइड दोनदा चाळलं. ओळख सांगणाऱ्या ॲपने एका फोटोला पॅलिड म्हटलं, दुसऱ्याला माँटेग्यूज. काल पुन्हा जाऊन आलो, पक्षी पुढे निघून गेलाय. हातात ४०० मिमी लेन्सचे तीन फोटो आहेत, तिन्ही खालच्या बाजूचे. एक्स्पोजर वाढवून आणि मूळ, दोन्ही टाकतो.

कॉलर अर्धवट दिसत असताना पंखाखालच्या प्राथमिक (टोकाकडच्या मोठ्या) पिसांवरून, म्हणजे पट्ट्यांची ठेवण, बुडाशी कोयत्यासारखा फिकट पट्टा आणि मागची गडद कड यांवरून, खात्रीने ठरवता येईल का? की 'पॅलिड/माँटेग्यूज' एवढीच नोंद करावी?