अनुभव धागा : लहान मुलांचं नेट, घरात काय काय करून ठेवलंय?

परळकर (धागाकर्ता)
खोली दहा बाय बाराची, फोन मोठ्यांचेच, राउटर केबलवाल्याचा. अशा घरात चार ते आठ वर्षांच्या पोरांच्या नेटला आवर कसा घालायचा, ते नेमकं लिहा. 'फोन देऊच नका' असले प्रतिसाद कृपया नकोत.

गिरगावची काकू
यूट्यूब किड्स टाकाच, पण टाकून थांबू नका. पालकांच्या सेटिंगमध्ये शिरताना ते गुणाकार विचारतं. दुसरी-तिसरीतलं, पाढे पाठ असलेलं पोर तो चुटकीसरशी सोडवतं. म्हणून आधी स्वतःचा चार आकडी पासकोड ठेवा. मग 'फक्त मंजूर केलेला आशय' निवडा आणि चॅनेल एकेक करून द्या; यात शोध आपोआप बंद होतो. काम किचकट आहे, पण वयोगटाच्या चाळणीतून बरंच काही निसटतं.

अँड्रॉइडवर 'ॲप पिनिंग'ही (फोन एकाच ॲपवर अडकवून ठेवणं) चालू करा, सोबत 'अनपिन करण्यापूर्वी पिन विचारा' हेसुद्धा. ते राहिलं तर पोर दोन बटणं दाबून बाहेर.

वायरवाला_भांडुप
ब्राउझरमध्ये राउटरचं पान (बहुतेक १९२.१६८.१.१) उघडा. तिथे डीएचसीपीत (घरातल्या फोनना नेटची सेटिंग वाटणारा भाग) डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदला : १.१.१.३ आणि १.०.०.३. क्लाउडफ्लेअरची ही फुकट सेवा अश्लील साइट अडवते. पासवर्ड केबलवाल्याकडे असतो, मागून घ्या. त्याने राउटर रिसेट केला की सगळं पुसलं जातं, तेव्हा तो येऊन गेला की तपासा.

मोबाइल डेटाला हे लागू नाही. त्यासाठी प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या 'प्रायव्हेट डीएनएस' सेटिंगमध्ये family.cloudflare-dns.com असं इंग्रजीतच भरा. आजीचा फोन हमखास राहतो, आणि पोरांना तेवढंच हवं असतं! एक कटकट : स्टेशनच्या फुकट वायफायचं लॉगिन पान यामुळे कधीकधी उघडत नाही, तेवढ्यापुरतं बंद करा. यूट्यूबच्या आतलं मात्र डीएनएसला दिसत नाही, तिथे काकूंचाच उपाय.

माहीम_हलवा
काकूंना +१. पैशांचंही बघा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. यूपीआय लाइटला (छोट्या रकमांसाठीची यूपीआयची सोय) पिन लागत नाही, त्यामुळे पोरांच्या हाती जाणाऱ्या फोनवर ते नकोच.

परळकर
आभार. वेळेचं काय?

गिरगावची काकू
भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते : दोन वर्षांखाली शून्य, दोन ते पाच दिवसाला जास्तीत जास्त एक तास. किड्समध्ये टायमर आहे, कुलपाचं चिन्ह दाबा. जेवताना मात्र लावू नका, अर्ध्या घासात बंद पडतं आणि पुढचा घास जात नाही.