परगावच्या माणसांना घरची खबर कशी पोचते? सातारा-सांगलीकरांनो, अनुभव सांगा

गावभागकर, सांगली (धागाकर्ती)

आमचं घर सांगलीच्या गावभागात. धाकटा भाऊ बंगळूरला, चुलतबहीण मस्कतला, एक भाचा न्यू जर्सीत, बाकीचे पुण्या-मुंबईत विखुरलेले. आई रोज दिवेलागणीला विचारते, "आज कुणाचं काय?" त्या प्रश्नाला उत्तर मिळत राहावं म्हणून घराघरांत काय काय केलं जातं, ते इथं एकत्र यावं असं वाटलं. बारसं, लग्न, निधन या बातम्या कशाही पोचतातच. मला ऐकायचंय ते रोजचं आणि बारीकसारीक. आणि लांब राहून एकत्र काय खेळता, काय बघता, काय वाचता, तेही लिहा.

आमचं सांगते. 2019 च्या पुरात आमच्या नातेवाइकांचा एकच प्रश्न असायचा, "आयर्विनला किती फूट?" सांगलीकराला हे समजावून सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. भाऊ बंगळूरला बसून कोयनेतून किती क्युसेक सोडलं, कराडला प्रीतिसंगमापाशी काय परिस्थिती आहे, हे बघून आम्हाला सामान माळ्यावर कधी चढवायचं ते सांगत होता. आम्ही लाईट नसताना फोन वाचवून दिवसातून दोनदा फक्त आकडा आणि "सगळे ठीक" एवढं कळवायचो.

पाणी उतरलं आणि सगळे एकदम गप्प झाले. बोलायला विषयच उरला नाही. तेव्हा काकूंनी एक सुरू केलं. रोज रात्री जेवणं झाली की घरातलं दोन-तीन ओळींत लिहायचं. "शेवग्याला शेंगा धरल्यात. मागच्या वाड्यातल्या आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चष्मा मिळाला. आज कटाची आमटी." एवढंच. पण भाचा त्या ओळींची वाट बघतो. एकदा काकू तापानं पडल्या आणि लिहिलं गेलं नाही, तर त्याचा सकाळी फोन, "आजी बरी आहे ना?" त्यांनी बातमी दिली नव्हती, तरी त्याला कळलं होतं.

आता तुम्ही लिहा.

गलाईवाल्याची लेक, खानापूर तालुका

आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जुन्या दागिन्यांतलं आणि पेढीवरच्या कचऱ्यातलं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा हा धंदा. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं त्यासाठी पार केरळ-तमिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत गेली. दुष्काळी माळावर पोट भरेना म्हणून गेली आणि तिकडंच रुजली. माझे वडील केरळात होते.

मी लहान असताना सगळं इनलँडवर, म्हणजे घडी घालून चिकटवायच्या पोस्टाच्या पत्रावर, चालायचं. आज्जी सांगणार आणि मी लिहिणार. तिचा क्रम ठरलेला होता. आधी "लहानथोरांस यथायोग्य नमस्कार", मग पाऊस, मग म्हैस, मग विहिरीचं पाणी, मग कुणाची सोयरीक, आणि पैशाचं सगळ्यात शेवटी. जागा संपली की मी कागद आडवा धरून कडेच्या समासात लिहायचे, मग डिंक लावायच्या घडीवरसुद्धा. ते उघडताना फाटायचं आणि नेमकी तिथलीच ओळ वडिलांना लागायची नाही. पुढच्या पत्रात ते विचारायचे, "कडेला काय लिहिलं होतंस?"

आता माझी चुलत भावंडं तिकडंच जन्मलेली. मराठी बोलतात झकास, पण वाचता येत नाही. त्यामुळं लिहून काही उपयोग नाही. आज्जी फोनवर बोलून पाठवते. तिचा निरोप अजूनही त्याच क्रमानं येतो, पाऊस आधी. पोरं मधेच एखादा मल्याळी शब्द टाकून उत्तर देतात, आज्जी ते उत्तर शेजारणीला ऐकवते आणि अर्थ स्वतःच सांगते.

एकत्र बघायचं म्हणाल तर गावच्या जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान. पूर्वी त्यासाठी माणसं दोन-दोन दिवस रेल्वेनं यायची, अजूनही येतात. ज्यांना जमत नाही ते थेट प्रक्षेपण बघतात. काका दुपारचं दुकान बंद ठेवतात. तिकडून फोनवर ओरडून सांगतात, "अरे, पट काढ की त्याचा!" इथं आम्ही आखाड्याच्या कडेला, तिथं ते दुकानाच्या फळीवर, आणि निकाली कुस्ती लागली की दोन्हीकडं एकदमच शिट्ट्या.

माहेर कराड

मी जरा वेगळं लिहिते, राग मानू नका. मी परदेशात असताना माझे सासरे गेले. मला ते कळलं हार घातलेल्या फोटोवरून. खाली "भावपूर्ण श्रद्धांजली" आणि त्याच्याखाली हात जोडलेली चित्रं, एकामागून एक. पाठवणारे लांबचे नातेवाईक होते, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. माझे यजमान तेव्हा कामावर होते. त्यांच्या आधी मला कळलं आणि ते मला त्यांना सांगावं लागलं.

त्यानंतर मोठ्या जाऊबाईंनी घरात नियम घालून दिला. मोठी बातमी तोंडी. कुणी कुणाला फोन करायचा हे ठरलेलं आहे: आत्याबाईंना थोरले दीर कळवणार, आम्हाला जाऊबाई, नणंदेला मी. सगळ्यांना फोन झाले असं जाऊबाईंनी सांगितल्याशिवाय कुणी काही लिहायचं नाही. गोड बातमीलाही हेच. धाकटीला दिवस राहिले तेव्हा तिनं स्वतः प्रत्येकीला फोन केला आणि मगच ते सगळ्यांचं झालं. ज्यांच्याकडे अशी सोय नाही त्यांनी ती जरूर करावी, अगदी कळकळीनं सांगते.

गावभागकर (धागाकर्ती)

कराडच्या ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आमची आई सांगते, पूर्वी वाईट वार्तेचं पत्र बाहेरच वाचून फाडून टाकत, घरात ठेवत नसत. लग्नपत्रिकेला मात्र हळदकुंकवाची बोटं. म्हणजे पाकीट हातात घेतानाच मनाची तयारी व्हायची. आणि तार आली की ती उघडायच्या आधीच घरात रडारड, मग ती नोकरीची का असेना. 2013 च्या जुलैत तारसेवा बंद झाली तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं."

फौजी घर, सातारा तालुका

आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत. अपशिंगे मिलिटरी हे गाव आमच्या जवळच. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जवान पडले, त्याचा स्तंभ तिथं आहे. वडिलांच्या पत्त्यावर गावाचं नाव नसायचंच. नाव, नंबर, पलटण, आणि खाली "56 एपीओ", म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. ते कुठं आहेत हे आईला वर्षानुवर्षं ठाऊक नव्हतं. थंडी आहे असं लिहिलं की ती समजायची, वर कुठंतरी आहेत.

आई तिकडं काळजी पाठवायची नाही. मला विषमज्वर झाला होता ते वडिलांना मी शाळेत जायला लागल्यावर कळलं. तेही तसेच. हाताला लागलं होतं ते सुट्टीवर आल्यावर अंघोळीच्या वेळी दिसलं. आता धाकटा भाऊ सीमेवर आहे. कधी कधी आठवडाभर फोन लागत नाही. मी वही ठेवलीय. तारीख टाकून रोजचं लिहून ठेवतो: सोयाबीनला काय भाव निघाला, त्याच्या पोरीनं "बाबा" लिहिलं, तालमीत कोण नवीन पोरगं आलंय. रेंज आली की पानांचे फोटो एकदम पाठवतो. तो म्हणतो, एका दमात वाचत नाही, रोज एक पान वाचतो. पोरीनं काढलेली चित्रंही त्याच वहीत असतात.

आजारपण लपवायचं नाही असं मात्र आम्ही दोघा भावांनी ठरवलंय. आईला ते अजून पटलेलं नाही.

पाटण खोरं, सध्या कोपरखैरणे

आजोबा माथाडी. मुंबईत गावकीची एकच खोली, तिथं सगळे आळीपाळीनं झोपायचे. रात्रीच्या एसटीनं गावाकडनं कोण आला की खोलीतले झोपलेलेही उठून बसायचे. त्याच्या पिशवीतली भाकरी-चटणी वाटून खायची आणि एकेकानं आपापल्या घरचं विचारून घ्यायचं. त्याला वीसेक घरांचे निरोप तोंडपाठ असायचे. लिहिलेलं काही नाही.

11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. धक्का मुंबईतही जाणवला होता, पण तो आपल्याच खोऱ्यातला हे आजोबांना रेडिओवरून कळलं. खोलीतले सगळे तसेच अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. घर पडलं होतं, माणसं गोठ्यापाशी उघड्यावर बसलेली होती, सगळी जिवंत. आजोबा ही गोष्ट सांगताना दरवेळी माणसं मोजून दाखवायचे, नावं घेत.

कोयना धरणामुळं आमची निम्मी भावकी उठून ठाणे-रायगडकडं गेली. त्यांची आमची गाठ ग्रामदेवाच्या यात्रेला. पालखी मानकऱ्यांच्या खांद्यावर यायच्या आधी पारावर बसून वर्षाचा हिशेब होतो: कोण गेलं, कोण जन्मलं, कुणाच्या पोराला नोकरी लागली. फोन आता सगळ्यांकडं आहेत, तरी पारावरची ती बैठक कुणी चुकवत नाही.

मिरजेचा प्यादेवाला

आमच्या घरातला विरंगुळा म्हणजे बुद्धिबळ. सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांमुळे बुद्धिबळाचं जे वातावरण तयार झालं, त्यात आमचे आबा वाढले. त्यांचे सख्खे भाऊ इंदूरला. दोघांचा डाव पोस्टकार्डावर चालायचा. कार्ड तेव्हा पंधरा पैशांना. वर पाऊण भागात घरचं सगळं, आणि खाली रेघ मारून चाल: "घोडा राजाच्या उंटाच्या तिसऱ्या घरात." एक कार्ड जाऊन दुसरं यायला आठवडा तरी लागायचा, त्यामुळं डाव वर्ष-वर्ष चाले. भोकं पाडलेला छोटा लाकडी पट होता, मोहऱ्यांना खाली खुंट्या. तो पट फडताळात वरच्या कप्प्यात, आम्हा पोरांचा हात पोचणार नाही असा ठेवलेला. झाडलोट करताना आजीनं एकदा सोंगट्या पुसून परत लावल्या, तर आबांनी जुनी कार्डं काढून पहिल्या चालीपासून सगळा डाव पुन्हा मांडला होता.

मी ती कार्डं अलीकडे वाचली. चाली कळल्या, पण गुंतलो ते वरच्या मजकुरात. इंदूरच्या आजोबांनी घर कसं बांधलं, विटा कितीला पडल्या, आत्याचं लग्न दोनदा मोडून तिसऱ्यांदा कसं जमलं, हे सगळं तिथं आहे. आता आम्ही नातवंडं तसंच खेळतो, फोनवर, दिवसाला एक चाल. नियम एकच: चालीबरोबर घरची एक ओळ आलीच पाहिजे. ओळ नसेल तर चाल धरली जात नाही. इंदूरची चुलतबहीण परवा हत्ती देऊन बसली, कारण तिच्या घरी पाहुणे होते. ते पाहुणे कोण, हे तिनं सविस्तर लिहिलं होतं.

तासगावकर

आमचा गणपती दीड दिवसाचा आणि ऋषिपंचमीला रथ. परदेशातले सगळे त्या दिवशी रथ बघतात. अमेरिकेत तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते, तरी माझी बहीण पोरांना उठवते. दोर ओढायला गर्दी उसळली की ती आमच्यातला कोण कुठं दिसतो ते शोधत असते.

दुसरं म्हणजे द्राक्षं. ऑक्टोबर छाटणी झाली की मेलबर्नचा मेव्हणा रोज आमच्या इथलं हवामान बघतो. ढग आले की त्याचा पहिला प्रश्न, "डावणी दिसतेय का?" (डावणी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग.) तो संगणकातला माणूस, बाग त्यानं कधी केली नाही, पण आता फवारणीचं वेळापत्रक त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे. अवकाळीनं मणी तडकले त्या वर्षी रोज रात्री त्याचा फोन यायचा. बोलायला काही नसायचं. तो पानांचे फोटो मागायचा आणि आम्ही पानं बघत बसायचो.

विश्रामबाग, सांगली

मी फक्त पार्सलचं सांगतो. पुण्या-मुंबईच्या पोरांना भडंग, मेतकूट, हळद मी ओळखीच्या माणसाबरोबर किंवा रात्रीच्या बसनं पाठवतो. डब्यात घरची चिठ्ठी असतेच. सून म्हणाली, चिठ्ठ्या तिनं एका डब्यात जपून ठेवल्यात.

वाईकरीण

एक अडचण विचारायची आहे. माझ्या मावशी पंच्याऐंशीच्या पुढच्या. ऐकू कमी येतं, फोन डोळ्यांना झेपत नाही. भावंडं चारी दिशांना. सगळे फोनवर छान बोलत असतात आणि त्याच तेवढ्या बाजूला राहतात. काय करता येईल?

गावभागकर (धागाकर्ती)

आमच्या आत्याबाईंचं असंच होतं. पुतणी महिन्याच्या शेवटी सगळ्यांच्या ओळी गोळा करते, मोठ्या ठळक अक्षरांत छापते, दोन-तीन फोटो घालते आणि एक शब्दकोडंही. कोड्यातली उत्तरं घरातलीच असतात: "आजोळच्या गाईचं नाव, तीन अक्षरी." आत्याबाई ते पेन्सिलनं सोडवून परत पाठवतात. चुकीची आडनावं दुरुस्त करूनसुद्धा.

वाईकरीण

हे जमेल. कुरिअरनं पाठवता की पोस्टानं?

गावभागकर (धागाकर्ती)

पोस्टानं. पोस्टमन ओळखीचे आहेत, ते आत येऊन हातात देतात. मावशींना आमरसापासून अंताक्षरीपर्यंत काय काय आवडतं ते मला कळवा, पहिलं कोडं आमची पुतणी तयार करून देईल.