चर्चा: कोरलड्रॉ शिकणाऱ्याला आधी शॉर्टकट द्यावेत की मेनू?

कुपवाडकर
सांगली-मिरजेच्या फ्लेक्स किंवा ऑफसेटच्या दुकानात जो कोणी कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रामवर बसणार, त्याला पहिल्या दिवसापासून शॉर्टकटच (मेनूऐवजी थेट दाबायच्या कळा) द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. गिऱ्हाईक शेजारी खुर्ची ओढून बसतं. "नाव मोठं घ्या, साहेबांचा फोटो मधे घ्या" हे सुरू असतं. तेव्हा मेनू उघडून अलाइन (वस्तू एका रेषेत आणणं) शोधत बसलं की खोळंबा झालाच.

फोटो निवडून पी दाबला की पानाच्या मधोमध. दोन वस्तूंचे मध्य जुळवायला सी आणि ई. एफ४ ने सगळं काम पडद्यावर, शिफ्ट-एफ२ ने निवडलेलं तेवढंच. नंबरपॅडवरच्या अधिकने जागच्या जागी प्रत. शिफ्ट-पेजअप, शिफ्ट-पेजडाऊन वस्तू बाकीच्यांच्या वर किंवा खाली न्यायला. एवढ्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स उभा राहतो. मेनू सवडीने कळतो.

मिरजेची शाई
दादा, वेगाबद्दल वाद नाही. पण कळ पाठ आणि ती काय करते ते माहीत नाही, हे छपाईत महागात पडतं.

तुमचंच उदाहरण घ्या. सी आणि ई मध्ये जागेवर कोण राहतं आणि सरकतं कोण? एकेक करून निवडलं तर शेवटी निवडलेली वस्तू जागेवर राहते. चौकट ओढून निवडलं तर सगळ्यांत खालच्या थरातली. हे सांगितलं नाही तर पोरगं कळ दाबतं आणि बरोबर बसवलेली बॉर्डरच नावाच्या मागे पळते.

दुसरं, कंट्रोल-ए, कंट्रोल-क्यू. सगळं निवडा, कर्व्ह करा (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करा), फाइल प्रेसला पाठवा, हा शिरस्ता. पण कंट्रोल-ए पॉवरक्लिपच्या (एखाद्या आकाराच्या आत बसवलेल्या वस्तूंच्या चौकटीच्या) आतलं निवडत नाही, लॉक केलेलंही निवडत नाही. हळदीच्या पाकिटावरचं वजन आणि पत्ता पॉवरक्लिपमध्ये असेल तर तो मजकूर तसाच राहतो, आणि प्रेसच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की अक्षरांची खिचडी. फाइल मेनूतल्या डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये वापरलेल्या फॉन्टची नावं दिसतात. तिथे एकही नाव उरलं नाही म्हणजे फाइल साफ. मेनू न फिरलेल्याला ही जागा सापडणार कशी?

कुपवाडकर
मग कंट्रोल-क्यू सोबत तेही शिकवा. त्यासाठी शॉर्टकट मागे ढकलायची गरज नाही. पॉवरक्लिपवर कंट्रोल धरून क्लिक केलं की आत जाता येतं. तिथे पुन्हा कंट्रोल-ए, कंट्रोल-क्यू, मग मोकळ्या जागेवर कंट्रोल-क्लिक करून बाहेर. हेही हातानेच झालं, मेनू नाही लागला.

रेडियम तासगाव
मी मिरजेच्या शाईच्या बाजूने. मराठी अक्षरांत सगळ्यात जास्त घोळ कंट्रोल-के (तुकडे सुटे करणं) आणि कंट्रोल-एल (तुकडे एकत्र करणं) करतात, आणि नवी मुलं त्याच दोन कळा सटासट दाबतात.

मजकूर कर्व्ह केल्यावर कंट्रोल-के दाबलं की प्रत्येक बंद रेघ सुटी होते. व चा पोकळ भाग, ठ चं वर्तुळ, क चा डावा डोळा, सगळे वेगळे तुकडे होऊन भरून येतात. मग घाबरून सगळ्यावर कंट्रोल-एल. डोळे परत पोकळ होतात खरे, पण जिथे एक आकार दुसऱ्यावर चढलेला असतो तिथेही भोक पडतं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघ पुढच्या अक्षरावर थोडी चढते, त्यामुळे रेघेत पांढऱ्या चिरा दिसतात. फ्लेक्सवर लांबून कळणार नाही, पण रेडियम कटिंगला प्लॉटर (कापायचं यंत्र) प्रत्येक कडेवरून पातं फिरवतो. शिरोरेघेचे तुकडे होतात आणि जादा रेडियम सोलताना ते सोबत उचलून येतात.

बरोबर क्रम असा: एक प्रत मजकूर म्हणून पानाबाहेर ठेवा. दुसऱ्या प्रतीवर, ती मजकूर असतानाच, कंट्रोल-के द्या. आधी ओळी सुटतात, मग शब्द, मग अक्षरं. प्रत्येक अक्षराचा डोळा शाबूत राहतो. मग सगळी अक्षरं निवडून वेल्ड, म्हणजे सगळे आकार एकात मिसळणं. शिरोरेघ सलग होते आणि पातं बाहेरून एकदाच फिरतं. हे जुन्या फॉन्टपुरतं. युनिकोडची जोडाक्षरं अशी फोडू नयेत.

आणि हो, वेल्डला तयार शॉर्टकट नाही. ज्याला फक्त कळाच माहीत, त्याच्या डोक्यात वेल्ड येतच नाही.

विश्रामबाग
वेल्डला कळ लावून घेता येते की! टूल्समध्ये कस्टमायझेशन, तिथे कमांड शोधून शॉर्टकट की टॅबमध्ये हवी ती कळ. एकदा लावा, कटकट मिटते.

मिरजेची शाई
लावा, पण एका मशीनवर दोन पाळ्यांत दोघं बसत असतील तर? शिवाय कोरल सुरू होताना एफ८ धरून ठेवली की वर्कस्पेस (मेनू आणि कळांची आपली मांडणी) मूळपदावर जातं, लावलेल्या कळाही जातात. बिघडलं की लोक हाच उपाय करतात. वर्कस्पेस एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवलेलं नसेल तर सगळं पुन्हा लावत बसा.

वाळवा
टायपिंगबद्दल कोणीच बोललं नाही. टेक्स्ट टूलचा कर्सर आत असताना पी दाबला तर वस्तू मधे येत नाही, मजकुरात पी उमटतो. इंग्रजी फॉन्टमध्ये तो लगेच दिसतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये मात्र त्याच कळेवर एखादी मात्रा किंवा अर्धं अक्षर असतं. पत्रिकेत आत्याच्या नावाला चिकटलं तर प्रूफ वाचतानाही नजर चुकते. म्हणून टायपिंग झालं की आधी कंट्रोल-स्पेसने पिक टूल (वस्तू निवडायचं), मगच एकअक्षरी कळ. ही सवय नसेल तर एकअक्षरी शॉर्टकट शिकवूच नयेत.

लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक बघावं: एफ-कळा आवाज आणि उजेडाला जोडलेल्या असतील तर एफएन धरावं लागतं. लहान लॅपटॉपवर नंबरपॅड नसतो, म्हणजे अधिकची प्रतही गेली.

विश्रामबाग
वाळवा, हे पटलं. पण व्हिजिटिंग कार्ड पानावर लावताना शॉर्टकटशिवाय तासनतास जातात, हेही खरं ना? कंट्रोल-डी, कंट्रोल-डी, पान भरलं.

मिरजेची शाई
नेमकं तिथेच चुकतं. कंट्रोल-डी आधी हाताने सरकवलेलं अंतर पुन्हा पुन्हा देतं. त्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक असेल तर आठव्या ओळीपर्यंत साडेतीन मिलिमीटर होते. कटिंगवाला शिव्या देणारच.

कंट्रोल-शिफ्ट-डीने स्टेप अँड रिपीट (ठरलेल्या अंतरावर प्रती काढणं) उघडा आणि आकडे टाका. १२ बाय १८ इंची कागद, कार्ड ९० बाय ५४ मिलिमीटर: आडवं ऑफसेट (प्रत किती सरकवायची ते) ९०, प्रती २, मग ती ओळ निवडून उभं ऑफसेट ५४, प्रती ७. एकूण २४. पण रंग कडेपर्यंत असेल आणि प्रत्येक बाजूला २ मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेघेपलीकडे वाढवलेला रंग) धरलं तर कार्ड ९४ बाय ५८ होतं. आठ ओळींना ४६४ मिलिमीटर लागतात आणि कागद ४५७ चा. म्हणजे सातच ओळी, २१ कार्डं. हा हिशोब कुठली कळ सांगणार?

कुपवाडकर
स्टेप अँड रिपीटही तुम्ही कळेनेच उघडलंत. माझा मुद्दा तोच आहे.

रेडियम तासगाव
कळेने उघडलं, पण आत काय भरायचं ते माहीत असल्यामुळे. आणि तुमच्याकडे शिकलेलं पोरगं उद्या इलस्ट्रेटर या दुसऱ्या डिझाइन प्रोग्रामवर बसलं तर? कोरलमध्ये कंट्रोल-क्यू म्हणजे कर्व्ह, इलस्ट्रेटरमध्ये प्रोग्राम बंद. तिथे अक्षरांच्या आउटलाइनला कंट्रोल-शिफ्ट-ओ. कोरलचा एक्सपोर्ट कंट्रोल-ई, फोटोशॉपमध्ये त्याच कळेने लेयर खालच्यात मिसळतो, आणि ते लक्षात येईपर्यंत फाइल सेव्ह होऊन गेलेली असते. हाताला लागलेली सवय प्रोग्राम बदलला म्हणून बदलत नाही.

कुपवाडकर
बरं, हे मान्य की कळेसोबत परिणाम दाखवायला हवा. पण कामावर घेताना मी तरी शॉर्टकट विचारणारच. हात चालत नसेल तर गणपतीच्या आठवड्यात निभाव लागत नाही.

वाळवा
विचारा, पण तोंडी नको. पॉवरक्लिपमध्ये मजकूर आणि एखादी लॉक केलेली ओळ असलेली फाइल द्या आणि प्रेससाठी तयार करायला सांगा. कंट्रोल-ए, कंट्रोल-क्यू करून "झालं" म्हणाला तर अजून शिकवावं लागेल. डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडून फॉन्टची यादी बघितली तर लगेच खुर्चीवर बसवा, मग तो तिथे मेनूतून गेला तरी चालेल.