मदत हवी आहे: दिरांना परदेशी सिक्युरिटी कंपनीची ऑफर, काही झालं तर कायदा कुठल्या देशाचा?

नमस्कार मंडळी, इथे मर्चंट नेव्हीतले, वकिली करणारे आणि फौजेतून रिटायर झालेले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. आमचे भाऊजी (माझे धाकटे दीर) आर्मीतून हवालदार म्हणून रिटायर झाले, मूळ साताऱ्याचे, सध्या आमच्याकडे भांडुपला आहेत. अंधेरीतल्या एका एजंटने त्यांना दुबईच्या कंपनीची ऑफर आणलीये. तोंडी म्हणतो जहाजावर आर्म्ड गार्ड, यूएईतल्या फुजैरा बंदरातून चढायचं, समुद्री चाच्यांच्या धोक्याचा पट्टा संपला की उतरायचं. पण कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय की कंपनी सांगेल त्या देशात, समुद्रावर किंवा जमिनीवर, ड्युटी करावी लागेल. माझा जीव या एका ओळीत अडकलाय. पगार चांगला आहे, पुतणीचं बारावीनंतरचं शिक्षण समोर आहे, त्यामुळे नुसतं जाऊ नका म्हणून ते ऐकणार नाहीत, आणि त्यांचं चूक आहे असंही मला वाटत नाही.

मी जमेल तेवढं वाचलं. युद्धाच्या भागात खाजगी सुरक्षा कंपन्यांबाबत देशांनी काय करायचं हे सांगणारं २००८ चं माँट्रो डॉक्युमेंट आहे, स्वित्झर्लंड आणि रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने पुढाकार घेऊन केलेलं, सुरुवातीला १७ देश होते, त्यात भारत नव्हता. ते बंधनकारक नाही. त्यात मुख्य भर तीन देशांवर आहे: कंपनीला काम देणारा, जिथे काम चालतं तो, आणि कंपनी जिथली आहे तो. गार्डचा स्वतःचा देश या तिघांत नसेल तर तो थेट 'इतर सर्व देश' मध्ये जातो. म्हणजे आपली माणसं नेमकी ज्या रकान्यात येतात तिथेच सगळ्यात कमी लिहिलंय, आणि हे मला फार लागलं. २०१० पासून संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत अशा कंपन्यांसाठी बंधनकारक कराराची चर्चा चालू आहे पण करार अजून झालेला नाही.

एजंट म्हणतो घाबरू नका, हे भाडोत्री सैनिकाचं काम नाही. ते खरंय, जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलच्या कलम ४७ मध्ये भाडोत्री सैनिक ठरायला सहा अटी एकदम पूर्ण व्हाव्या लागतात, गार्ड त्यात सहसा बसत नाही. पण मग तो सिव्हिलियन, आणि सिव्हिलियनने लढाईत थेट भाग घेतला तर तेवढ्या वेळापुरतं त्याचं संरक्षण जातं. साइटवर हल्ला झाला आणि यांनी गोळी चालवली तर ते स्वतःचा बचाव की लढाई, हे नंतर कोण ठरवणार?

जहाजाचं म्हणाल तर सीमन गार्ड ओहायो ही आर्म्ड गार्डांची बोट आठवतेय का कुणाला? ऑक्टोबर २०१३, तुतिकोरिनजवळ पकडलेली. कंपनी अमेरिकन, झेंडा सिएरा लिओनचा, बोटीवर ३५ माणसं, त्यात आपले भारतीयही होते. विनापरवाना शस्त्रं म्हणून केस झाली, जानेवारी २०१६ मध्ये पाच वर्षांची शिक्षा, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. निर्दोष, पण चार वर्षं गेली ना. कागद पूर्ण आहेत की नाहीत हे कंपनीने बघायचं असतं, आत मात्र गार्ड जातो. आणि जमिनीवरचं तर काबूलमध्ये जून २०१६ ला कॅनडाच्या दूतावासाच्या गार्डांची मिनीबस उडवली, त्यात नेपाळी गार्डांबरोबर दोन भारतीय गेले. २०२४ मध्ये रशियात हेल्परची नोकरी सांगून नेलेल्या मुलांना युद्धात ढकलल्याचं सगळ्यांनीच वाचलंय.

आता मला नक्की काय हवंय ते सांगते. आपल्या २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्यात परदेशात सेवा द्यायला परवानगी लागते, पण एजंट म्हणतो आम्ही एजन्सी नाही, फक्त माणसं देतो. मग १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली त्याची रिक्रूटिंग एजंट म्हणून नोंदणी हवी, ती मागितली तर टाळतोय. भाऊजी दहावी पास आहेत, त्यामुळे त्यांना एमिग्रेशन क्लिअरन्स (परदेशी नोकरीला जाण्याआधीची सरकारी मंजुरी) लागत नाही, म्हणजे सरकारी पातळीवर हे कॉन्ट्रॅक्ट कुणी बघणारच नाही का? जमिनीवरच्या ड्युटीला त्यांची दर वेळी लेखी संमती लागेल अशी ओळ कुणी घालून घेतलीये का? शस्त्रांच्या परवान्याच्या कॉप्या गार्डला स्वतःजवळ ठेवता येतात का? आणि विम्यात युद्धामुळे झालेला मृत्यू धरलाय की वगळलाय, हे कुठल्या कागदावर बघायचं?

भर: खाली दोघांनी विचारलं म्हणून लिहिते. खाजगी सुरक्षा कंपन्यांसाठीच्या जिनिव्हाच्या आचारसंहिता संघटनेची मेंबर यादी बघितली, या कंपनीचं नाव त्यात नाहीये. त्या आचारसंहितेत पासपोर्ट कामापुरताच आणि कमीत कमी वेळ ठेवायचा असं आहे, आमचा एजंट मात्र मूळ पासपोर्ट आत्ताच मागतोय. तो आम्ही दिलेला नाही आणि नोंदणी नंबर मिळेपर्यंत देणारही नाही. सही पुढच्या आठवड्यात आहे, त्यामुळे ज्यांनी अशी कॉन्ट्रॅक्ट्स बघितलीत त्यांनी प्लीज लवकर लिहा, ड्युटीचं आणि विम्याचं कलम मी उद्या इथे जसंच्या तसं टाइप करते.